पडद्यावर नसलेली नाव

धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे तो टँकर, विंधनविहीर आणि तेरणा-मांजरेच्या धरणांतील साठा यांच्याभोवतीच फिरतो. अशा जिल्ह्यातील निवासी शाळेच्या स्मरणिकेत भर समुद्रातील जहाजवाहतुकीवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन उत्तरे आम्ही देऊ इच्छितो.

पहिले उत्तर इतिहासाचे आहे. आपल्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात पैठणच्या जोडीने तगरचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून भरुकच्छ म्हणजे आजच्या भरूच बंदराकडे जाई आणि तेथून गलबतांतून पश्चिमेकडे रवाना होई. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. त्याच ग्रंथात आणखी एक माहिती आहे. भरुकच्छची खाडी गाळाने आणि प्रचंड भरती-ओहोटीने धोकादायक झालेली असल्यामुळे राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छीमार आपल्या लांब नावा घेऊन परदेशी जहाजांना सामोरे जात आणि उथळ जागा टाळून, भरतीची वेळ साधून त्यांना बंदरात आणून सोडत. त्या काळचे दिशादर्शक साधन म्हणजे पाण्याची जाण असलेला माणूस होता.

दुसरे उत्तर वर्तमानाचे आहे. मराठवाड्यातील मुले-मुली आज नौदल, तटरक्षक दल आणि व्यापारी जहाजे या क्षेत्रांकडे वळत आहेत. त्यांच्या हाती आता माणसाऐवजी पडदा आहे. त्या पडद्यावर काय दिसते, कसे दिसते आणि काय दिसत नाही, हे समजून घेण्यासाठी आम्ही मुद्दाम एक कठीण प्रसंग निवडला आहे. तो म्हणजे मोठ्या जहाजांनी गजबजलेला सागरी मार्ग लहानशा शिडाच्या नौकेने ओलांडणे.

लहान नौका आणि मोठा रस्ता

हा प्रसंग आपल्यापासून फार दूरचा नाही. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिची लांबी ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर. याच नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने जगाला सागरी प्रदक्षिणा घालणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ही प्रदक्षिणा केली. पुढे ‘म्हादेई’चीच जुळी बहीण म्हणावी अशी ‘तारिणी’ त्याच कारखान्यात तयार झाली. १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच ‘तारिणी’तून निघाल्या आणि मे २०२५ अखेरीस प्रदक्षिणा पूर्ण करून आल्या.

या साऱ्या मोहिमांत दक्षिण महासागरातील डोंगराएवढ्या लाटांची चर्चा अधिक होते. तथापि भर महासागरात दिवसेंदिवस एकही जहाज दृष्टीस पडत नाही. आदळण्याचा धोका वाढतो तो किनाऱ्याजवळ, बंदरांच्या तोंडाशी आणि जहाजांच्या ठरलेल्या वाटांवर. मुंबई बंदर आणि उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदर यांकडे येणारी-जाणारी जहाजे, अरबी समुद्रातील तेलक्षेत्राकडे धावणाऱ्या पुरवठा-नौका, आखाती देशांकडे जाणारे तेलवाहू टँकर आणि पावसाळी बंदी उठताच ऑगस्टपासून बाहेर पडणाऱ्या मासेमारी नौका, या सर्वांमधून शिडाच्या नौकेला वाट काढावी लागते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. समुद्रावरील अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल या वेगास एक नॉट म्हणतात. शिडाची नौका साधारण ५ ते ६ नॉट वेगाने चालते. मालवाहू जहाज १५ नॉट, तर पेट्या वाहणारे मोठे जहाज २० नॉटांनीही धावते. समजा, जहाजांच्या वाटेची रुंदी २ सागरी मैल आहे. ५ नॉट वेगाच्या नौकेला ती ओलांडण्यास २४ मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात १५ नॉट वेगाचे जहाज ६ सागरी मैल, म्हणजे ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजेच नौका वाटेत शिरली तेव्हा जे जहाज क्षितिजाजवळ ठिपक्याएवढे होते, तेच ती बाहेर पडण्यापूर्वी तिच्या अंगावर येऊ शकते.

सोलापूर-धुळे महामार्ग उसाच्या भरल्या बैलगाडीने ओलांडणाऱ्या गाडीवानाला हे गणित शिकवावे लागत नाही. गाडी पलीकडे जाण्यास अर्धा मिनिट लागणार असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाचा ट्रक तेवढ्यात साडेसहाशे मीटर पुढे येतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. फरक इतकाच, की ट्रकला ब्रेक असतात. मोठ्या जहाजाला पूर्ण थांबण्यास कित्येक किलोमीटर लागू शकतात. शिवाय जहाजाच्या उंच कप्तानकक्षातून अगदी समोरचे पाणी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनीच जहाजाच्या पुढील ५०० मीटरपर्यंतचा, किंवा जहाज लहान असल्यास त्याच्या दोन लांबींएवढा पट्टा नजरेआड असण्यास मुभा दिली आहे. त्या पट्ट्यात शिरलेली लहान नौका वरच्या माणसाच्या दृष्टीने नाहीशीच झालेली असते.

समुद्रावरील रस्त्याचे नियम

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. त्यांतील काही नियम आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत.

पहिला नियम नजर ठेवण्याचा. डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक साधनाने सतत पाहणी करावयाची. यात साधनांचा उल्लेख डोळ्यांच्या व कानांच्या जोडीने येतो, त्यांच्या ऐवजी येत नाही.

दुसरा नियम धोका ओळखण्याचा. समोरच्या जहाजाची दिशा होकायंत्राने मोजावी. काही मिनिटांनी पुन्हा मोजावी. अंतर कमी होत असून दिशाकोन मात्र बदलत नसेल, तर टक्कर होणार असे समजावे. हा नियम इतका सोपा आहे, की शाळेच्या मैदानावर दोन मुलांना काटकोनात चालावयास लावून तो दाखवून देता येतो. ज्या मुलाकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागत नाही, तोच मुलगा येऊन आदळतो. अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधू नये, हेही याच नियमात बजावले आहे.

तिसरा नियम अग्रक्रमाचा. मोकळ्या समुद्रात यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने शिडावर चालणाऱ्या नौकेला सामान्यतः वाट द्यावी. परंतु इंग्लंड-फ्रान्समधील डोव्हरची सामुद्रधुनी किंवा सिंगापूरची सामुद्रधुनी यांसारख्या ठिकाणी जाण्याचे व येण्याचे पट्टे वेगळे आखलेले आहेत. तेथे २० मीटरहून लहान नौकेने आणि शिडाच्या नौकेने पट्ट्यातून जाणाऱ्या जहाजास अडथळा करावयाचा नाही. पट्टा ओलांडणे भागच असेल, तर नौकेचे तोंड पट्ट्याशी शक्य तितके काटकोनात ठेवावे. प्रवाहामुळे नौका थोडी वाहवली तरी तोंड काटकोनातच असावे. त्यामुळे ओलांडण्याचा वेळ कमीत कमी लागतो आणि जहाजावरील माणसाला नौकेची पूर्ण बाजू दिसून तिचा हेतू कळतो.

आपल्या देशातही अशी विभागणी होऊ लागली आहे. भारताच्या नैर्ऋत्य समुद्रात व्यापारी जहाजे आणि मासेमारी नौका यांचे मार्ग वेगळे करणारी व्यवस्था १ ऑगस्ट २०२० पासून लागू करण्यात आली.

स्वतःचे नाव सांगणारे यंत्र

आता साधनाकडे वळू. त्याचे नाव स्वयंचलित ओळख प्रणाली, व्यवहारात ‘एआयएस’. प्रत्येक जहाजावरील यंत्र उपग्रहांच्या आधारे स्वतःचे स्थान, वेग व दिशा जाणून घेते आणि ती माहिती रेडिओलहरींवरून आसपासच्या सर्वांना ऐकविते. सोबत जहाजाचे नाव आणि ९ अंकी ओळखक्रमांक असतो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ पासून सुरू होतो. यासाठी १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वारंवारता जगभर राखून ठेवल्या आहेत. अनेक यंत्रे एकाच वेळी बोलू लागली तर गोंधळ होईल, म्हणून प्रत्येक मिनिटाचे प्रत्येक वारंवारतेवर २,२५० सूक्ष्म भाग पाडलेले असतात आणि यंत्रे आपापला भाग आपसांत वाटून घेतात. वर्गात एकेकाने उठून हजेरी द्यावी, तसे हे चालते.

आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्यावरील जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना हे यंत्र बाळगणे २००४ अखेरपासून बंधनकारक झाले. मोठ्या जहाजांवर ‘अ’ वर्गाचे यंत्र असते. त्याची शक्ती १२.५ वॅट असून चालत्या जहाजाची माहिती ते वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी पाठविते. लहान नौकांसाठी ‘ब’ वर्गाचे यंत्र असते. त्याच्या साध्या प्रकाराची शक्ती २ वॅट आणि माहिती पाठविण्याचा अवधी सामान्यतः ३० सेकंद. लहान नौकेवर केवळ ऐकणारे, स्वतः न बोलणारे यंत्रही बसविता येते. ते स्वस्त पडते, पण मग आपण इतरांना पाहतो आणि इतरांच्या पडद्यावर आपण नसतो.

नौकेवरील पडद्यावर प्रत्येक जहाज लहान त्रिकोणाच्या रूपात दिसते. त्याच्यापुढे काढलेली रेषा पुढील काही मिनिटांत ते कोठे असेल हे दाखविते. या सर्व माहितीतून यंत्र दोन आकडे काढते आणि ओलांडणाऱ्यासाठी तेच दोन आकडे सर्वांत महत्त्वाचे असतात. पहिला आकडा निकटतम अंतराचा, म्हणजे दोघांनी आपापली दिशा व वेग तसाच ठेवला तर ते एकमेकांच्या किती जवळ येतील. दुसरा आकडा अवधीचा, म्हणजे ती निकटतम स्थिती किती मिनिटांनी येईल.

एक उदाहरण

मुंबईहून निघालेली आपली नौका ६ नॉट वेगाने थेट पश्चिमेकडे जात आहे. उजव्या हाताला, पुढच्या अंगास ८ सागरी मैलांवर एक मालवाहू जहाज १५ नॉट वेगाने उत्तरेकडून दक्षिणेकडे येत आहे. डोळ्यांना ते अजून धूसर दिसते. पडदा सांगतो, निकटतम अंतर जवळजवळ शून्य, अवधी ३० मिनिटे. याचा अर्थ अर्ध्या तासाने दोघे एकाच ठिकाणी असतील.

मोकळ्या समुद्रात वाट देण्याचे कर्तव्य त्या जहाजाचे आहे हे खरे. परंतु एकदा टक्करीचा धोका निर्माण झाला, की ज्याला वाट मिळावयाची त्यानेही आपली दिशा व वेग कायम ठेवावा असे नियम सांगतो. नाहीतर दोघेही एकाच वेळी वळतील आणि पुन्हा समोरासमोर येतील. म्हणून शहाणा नाविक ही वेळ येण्यापूर्वीच, जहाज दूर असताना, आपला निर्णय घेतो. वारा अनुकूल असेल तर त्याने नौका ४० अंश उजवीकडे वळवावी. तत्क्षणी निकटतम अंतर १ सागरी मैलाहून अधिक होते आणि जहाज पुढून निघून गेल्यावर नौका त्याच्या पाठीमागून सुखरूप जाते. किंवा शिडे कमी करून वेग ६ नॉटांवरून ४ वर आणावा. दिशा न बदलताही अंतर १ सागरी मैलाच्या जवळपास जाते.

यातून तीन गोष्टी शिकावयाच्या. निर्णय लवकर घ्यावा, कारण ८ मैलांवर ४० अंशांचे वळण जे साधते, ते १ मैलावर नौका गरकन फिरवूनही साधेलच असे नाही. बदल मोठा करावा, कारण ५-५ अंशांचे बदल समोरच्याला कळत नाहीत. आणि शक्यतो पाठीमागून जावे, जहाजाच्या पुढून निसटण्याचा मोह धरू नये. वारा ऐन वेळी पडला तर पुढून जाणाऱ्या नौकेला कोणी वाचवू शकत नाही. वाटेत एकामागून एक जहाजे असतील तर एकाला चुकविताना दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊ नये, यासाठी प्रत्येकाचे दोन्ही आकडे पाहून मगच मोकळी जागा निवडावी. तशी जागा नसेल तर वाटेच्या अलीकडेच थांबून राहावे.

एकट्या नाविकाला झोपावेही लागते. हवा धूसर असून ५ सागरी मैलांपर्यंतच दिसत असेल, तर २० नॉट वेगाचे जहाज दिसल्यापासून १५ मिनिटांत जवळ येते. म्हणून यंत्रात इशाऱ्याची घंटा लावता येते. ठरविलेल्या अंतराच्या आत कोणी येणार असे दिसताच ती वाजते. जहाजाचे नाव पडद्यावर दिसत असल्यामुळे ‘माझ्या डावीकडचे जहाज’ असे मोघम न पुकारता रेडिओवरून नावाने साद घालता येते. मात्र रेडिओवरील संभाषणात वेळ दवडू नये आणि नियमांना सोडून आपसांत सौदा करू नये, असे जाणकार बजावतात.

यंत्राच्या मर्यादा

येथवर वाचून यंत्र असले की चिंता मिटली, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

माहिती ताजी असेलच असे नाही. ३० सेकंदांत ६ नॉट वेगाची नौका ९० मीटरहून पुढे सरकते. लाटांवर डोलणाऱ्या नौकेची दिशा क्षणोक्षणी बदलत असल्याने निकटतम अंतराचा आकडाही खालीवर होत राहतो. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये, तो काही मिनिटे पाहत राहावे. उपग्रहाचा संकेत बिघडला किंवा कोणी मुद्दाम बिघडविला, तर स्थानच चुकीचे दिसते. जहाज नांगरलेले आहे की चालते आहे, कोठे चालले आहे, ही माहिती खलाशी हाताने भरतात आणि ती बदलावयाची राहून जाते. शिवाय पडद्यावरील त्रिकोण एक बिंदू दाखवितो, प्रत्यक्षात ते जहाज ३०० मीटर लांब असू शकते. मोबाइलवर इंटरनेटमार्फत दिसणारी जहाजे तर उशिराने दिसतात. घरबसल्या पाहण्यास ती ठीक, टक्कर टाळण्यास निरुपयोगी.

यंत्रे असूनही टक्कर होते, याची दोन उदाहरणे मुंबईच्या दारातच घडली आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलीजिया-३’ ही दोन मालवाहू जहाजे दिवसाउजेडी एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो पेट्या समुद्रात पडल्या, तेल पसरले आणि बंदराची वाहतूक कित्येक दिवस खोळंबली. त्या तेलाचा फटका किनाऱ्यावरील तिवरांना आणि मच्छीमारांना बसला. पुढे ३० जानेवारी २०११ रोजी नौदलाची ‘विंध्यगिरी’ ही युद्धनौका ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पेटली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. या जहाजांवर साधनांची उणीव नव्हती.

याहून मोठी मर्यादा वेगळीच आहे. हे यंत्र केवळ त्यालाच दाखविते, जो स्वतःचे नाव सांगतो. ‘चित्रा’वरून पडून तरंगत गेलेल्या पेट्यांनी आपले स्थान कोणालाही कळविले नाही. युद्धनौका गरजेप्रमाणे यंत्र बंद ठेवू शकतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौकाच बळकावली होती. त्यानंतर २० मीटरहून लांब नौकांवर हे यंत्र बसविण्याचे धोरण आले आणि किनाऱ्यावरील दीपगृहांवर संकेत ऐकणारी केंद्रे उभी राहिली. परंतु आपल्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या होड्यांपैकी बहुसंख्य याहून लहान आहेत. त्यांवर तांडेल असतो, चार-सहा खलाशी असतात, रात्री मिणमिणता दिवा असतो. मैलभर पसरलेल्या जाळ्याच्या टोकाला एखादे निशाण किंवा तरंगणारा डबा असतो. पडद्यावर मात्र तेथे निळे, स्वच्छ, रिकामे पाणी दिसते.

रडार येथे काही प्रमाणात उपयोगी पडते. ते कोणी बोलण्याची वाट पाहत नाही. स्वतः लहरी सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काहीतरी आहे हे सांगते. परंतु लाकडी वा फायबरच्या ठेंगण्या होडीवरून प्रतिध्वनी क्षीण येतो आणि उसळत्या लाटांच्या गोंगाटात तो हरवतो. म्हणून लहान नौकेने आपल्या डोलकाठीवर धातूचा परावर्तक बांधावा, म्हणजे इतरांच्या रडारवर ती ठळक उमटते.

नोंद आणि अस्तित्व

इतिहासाचे शिक्षक म्हणून हा मुद्दा आम्हांस अपरिचित वाटत नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे महसुली कागद चाळले तर जमीन ज्याच्या नावे आहे त्याचे नाव सापडते, सारा किती भरला तेही सापडते. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या सालगड्याचे नाव सहसा सापडत नाही. कागदावर नाही म्हणून तो माणूस नव्हताच, असे मानून लिहिलेला इतिहास खोटा असतो. हे आपल्या समाजाला कोणी वेगळे समजावून सांगावयास नको. नोंद ही नोंद करणाऱ्याच्या सोयीने झालेली असते, हे आम्ही दहावीच्या वर्गात साधनांची चिकित्सा शिकविताना सांगतो.

जहाजाच्या कप्तानकक्षातील पडदा हाही असाच एक दस्तऐवज आहे. तो अत्यंत उपयुक्त आहे आणि जो तो वापरीत नाही तो अडाणीपणा करतो. पण तो सर्वांची नोंद नव्हे. मोठी, नोंदलेली, यंत्र परवडणारी जहाजे त्यावर आधी उमटतात. पोटासाठी पहाटे बाहेर पडलेली होडी त्यावर नसते. जो अधिकारी केवळ पडद्याकडे पाहून जहाज हाकतो, त्याच्या लेखी ती होडी अस्तित्वातच नसते, आणि चूक त्याची असली तरी जीव होडीतल्यांचा जातो. म्हणून समुद्रावरील नियमांनी नजर ठेवण्याचे कर्तव्य कोणत्याही यंत्राकडे सोपविलेले नाही. ते माणसाचेच ठेवले आहे.

उद्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी शिडाच्या नौकेत बसेल, कोणी तीनशे मीटर लांबीच्या जहाजाच्या कप्तानकक्षात उभा राहील वा उभी राहील. दोघांनाही आमचे सांगणे एकच आहे. नौका लहान असेल तर केवळ ऐकणाऱ्या यंत्रावर समाधान मानू नका. बोलणारे यंत्र घ्या, परावर्तक बांधा, रात्री दिवे लावा, आपले अस्तित्व ठामपणे जाहीर करा, आणि तरीही समोरच्याने आपल्याला पाहिले आहे असे गृहीत धरू नका. जहाज मोठे असेल तर पडद्यावरील लहान नौका गर्दी वाटते म्हणून गाळून टाकण्याची सोय असते, ती किनाऱ्याजवळ वापरू नका. दर काही मिनिटांनी मान वर करा, दुर्बीण डोळ्यांना लावा आणि पडद्यावर जेथे काही नाही तेथे विशेष लक्ष देऊन पाहा. ऑगस्टच्या पहाटे कोकणच्या किनाऱ्यावर तेथे बहुधा एखादा तांडेल जाळे ओढीत असतो.